टेबल छान आहे, पण ती तिथे बसत नाही

प्रश्न : ताई, आम्ही डोंबिवलीला वन बीएचकेमध्ये राहतो. मी, मिस्टर, सासूबाई, दहावीतली मुलगी आणि पाचवीतला मुलगा. दिवाळीत हौसेने मुलीसाठी बेडरूममध्ये अभ्यासाचा कोपरा केला. पांढरं-गुलाबी चकचकीत टेबल (तीन फूट बाय दीड फूट), चाकांची खुर्ची, फुलांचा वॉलपेपर, छोट्या दिव्यांची माळ, इंग्रजीतले प्रेरणादायी स्टिकर. रील्स बघून बघून एकेक गोष्ट निवडली. ती क्लासला गेलेली असताना सगळं सजवून ठेवलं, सरप्राइज म्हणून. चार दिवस बसली. आता परत स्वयंपाकघरात फरशीवर भिंतीला टेकून बसते, नाहीतर पलंगावर लोळून वाचते. विचारलं तर म्हणते, ‘तिथे बसवत नाही.’ अठरा हजार गेले याचं वाईट वाटतंच, पण जास्त काळजी परीक्षेची आहे. खोली दहा बाय दहा आहे. टेबल दारासमोरच्या भिंतीला लावलंय, खिडकी उजव्या हाताला येते, ट्यूब दाराच्या वर आहे. संध्याकाळी हॉलमध्ये सासूबाईंच्या मालिका चालू असतात. काय केलं म्हणजे तिला तिथे बसावंसं वाटेल?
— एक आई, डोंबिवली

उत्तर : तुमच्या मुलीने तुम्हाला नेमकं उत्तर दिलेलं आहे. ‘बसायचं नाही’ असं ती म्हणत नाही, ‘बसवत नाही’ म्हणते. म्हणून आधी एक करा. रात्री आठच्या सुमाराला तिची वही घेऊन त्या टेबलाशी अर्धा तास बसा आणि खरोखर काहीतरी लिहा. महिन्याचा हिशोब लिहा, यादी लिहा, काहीही. ती जिथे अडते तिथे तुम्हीही अडाल.

पहिली अडचण उजेडाची. ट्यूब दारावर, टेबल समोरच्या भिंतीला, म्हणजे उजेड तिच्या पाठीमागून येतो आणि तिच्याच डोक्याची नि खांद्याची सावली वहीवर पडते. भूमितीची आकृती काढताना पेन्सिलीचं टोक सावलीत असेल तर पाच मिनिटांत माणूस कंटाळतो, आणि आपण कशाने कंटाळलो हे त्याला कळतही नाही. लिहायला-वाचायला साधारण ३०० ते ५०० लक्स उजेड लागतो. छतालगतच्या एकट्या ट्यूबखाली, खोलीच्या दुसऱ्या टोकाला, त्याच्या निम्माही मिळत नाही. लक्स मोजणारी ॲप मोबाइलवर फुकट मिळतात. ती काटेकोर नसतात, पण ट्यूबखाली किती आणि टेबलावर किती यातला फरक तुम्हाला नक्की दाखवतील. दिव्यांची माळ या कामाची नाही. ती शोभेला आहे, आणि मुलीला आवडत असेल तर शोभेला जरूर राहू दे.

टेबलाच्या कडेला चिमट्याने बसणारा, मान वळवता येणारा दिवा आणा. त्यात ९ वॉटचा एलईडी पुरेसा होतो, कारण तो वहीपासून दीड फुटावर असतो. बल्ब आणि वही यांतलं अंतर निम्मं केलं की उजेड चौपट होतो, हे ती विज्ञानात शिकेलच. ती उजव्या हाताने लिहीत असेल तर दिवा डावीकडे हवा. बल्बच्या खोक्यावर ४००० के असा आकडा बघून घ्या. ६५०० चा पांढराफटक उजेड रात्री डोळ्यांवर येतो आणि २७०० चा पिवळा उजेड छान ऊबदार दिसला तरी बारीक अक्षरांना जरा मंद वाटतो. ४००० मधला आहे. शिवाय टेबलाचा सनमायका चकचकीत आहे, त्यावर दिव्याचं प्रतिबिंब पडून थेट डोळ्यांत जाईल. वह्यांना घालतो तो खाकी कागद टेबलावर ताणून चिकटवा. मॅट फिनिशची शीट मिळाली तर अधिक चांगलं.

दुसरी अडचण मला उजेडापेक्षाही मोठी वाटते. तिची पाठ दाराकडे आहे. वन बीएचकेमध्ये बेडरूममध्ये दिवसभर कोणी ना कोणी येत असतं. कपाटातून टॉवेल काढायला, वाळलेले कपडे ठेवायला, धाकट्याची कंपासपेटी शोधायला. दर वेळी मागे कोण आलं, आपल्या वहीत कोण डोकावतंय, हे तिला पाठीनेच जोखावं लागतं. पंधरा वर्षांच्या मुलीला हे फार जड जातं. स्वयंपाकघरात ती कुठे बसते ते बघा, तुम्हीच लिहिलं आहे : भिंतीला टेकून. तिथे पाठ सुरक्षित असते, समोर तुम्ही असता, आणि ओट्यावरचा दिवा बहुतेक घरांत सगळ्यात चांगला असतो. तिने आपल्या परीने घरातली सर्वांत योग्य जागा शोधून काढली आहे.

म्हणून टेबल फिरवा. तिची पाठ भिंतीला, तोंड दाराकडे. दीड फुटाचं टेबल आणि खुर्चीला अडीच फूट, म्हणजे भिंतीपासून एकूण चार फूट जागा लागेल. पलंग सरकवून तेवढं निघावं. यात दुहेरी फायदा आहे, आता उजवीकडे असलेली खिडकी डावीकडे येते आणि दिवसाचा उजेड हाताच्या आड येत नाही. पलंग सरकतच नसेल तर निदान टेबलाची आखूड बाजू भिंतीला लावून तिला आडवं बसू द्या, म्हणजे दार डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसत राहील. अशी बसली तर ती समोर मोबाइल धरून बसेल आणि आपल्याला कळणार नाही, ही शंका तुमच्या मनात येईल. त्याला माझं उत्तर असं की अभ्यासाच्या दोन तासांत घरातले सगळे मोबाइल हॉलमध्ये एका जागी चार्जिंगला लावा. सगळ्यांचे, तुमचा आणि मिस्टरांचाही. फक्त तिचा काढून घेतलात तर ती शिक्षा होते.

खुर्चीचं थोडक्यात सांगते. बाजारातलं टेबल ७५ सेंटिमीटर उंच असतं, मोठ्या माणसाच्या मापाचं. तिची कोपरं टेबलाच्या पातळीला येतील इतकी खुर्ची वर घ्या. मग पाय लोंबकळायला लागतील, तर खाली लाकडी पाट द्या. तळवे टेकले की पाठ आपोआप सरळ होते. खुर्चीची चाकं काढून साधे पाय बसवून मिळतात. टाइल्सवर घरंगळणाऱ्या खुर्चीवर स्थिर बसून लिहिणं अवघड असतं.

आता खरं सांगायचं ते. हा कोपरा तुम्ही निवडलात. त्यातलं प्रेम मला तुमच्या पत्रात ओळीओळीत दिसतं, आणि ते तिलाही दिसत असणार. पण या वयाच्या मुलांना स्वतःची म्हणून घरात फार थोडी जागा असते आणि त्या जागेवर स्वतःचा शब्द चालावा असं त्यांना मनापासून वाटत असतं. तो गुलाबी रंग कदाचित ती सहावीत असतानाचा असेल. भिंतीवरचे स्टिकर तिला रोज सांगतात की तिच्याकडून काहीतरी अपेक्षा आहे. दहावीच्या वर्षात हे तिला शाळा सांगते, क्लास सांगतो, लग्नाकार्यात भेटणारे नातेवाईक सांगतात. एक भिंत तरी गप्प असू दे.

तिला सांगा, ‘हा कोपरा तुझा आहे. यातलं काय ठेवायचं, काय काढायचं, ते तू ठरव.’ हातात हजार-पंधराशे रुपये द्या आणि एक रविवार द्या. तिने वॉलपेपरवर कोरियन गायकांची पोस्टर लावली तरी हरकत घेऊ नका. दोन बाय तीन फुटांचा सॉफ्ट बोर्ड आणा, त्यावर काय टाचायचं ते तिचं ती बघेल. ठाण्याच्या एका घरात मी सजावटीचं काम करत होते. तिथल्या मुलीला तिच्या बाबांनी सुंदर कपाट देऊ केलं होतं, तिला मात्र भिंतीवर फळा हवा होता. तिने स्वतः पॉलिश पेपरने भिंत घासली, हिरव्या ब्लॅकबोर्ड पेंटचे दोन हात दिले आणि वर्षभर भूमितीची प्रमेयं उभ्याने, खडूने सोडवली. खोलीत खडूची भुकटी असायची, आईला ती रोज पुसावी लागायची. पण मुलगी त्या भिंतीशी आपणहून जायची. महाग फर्निचर लावून दिलेल्या घरांत हे मला क्वचित दिसलं आहे.

कोपऱ्याला ऊब येते ती वापरलेल्या, ओळखीच्या वस्तूंमुळे. सासूबाईंना गोधडी शिवता येत असेल तर तुमच्या एखाद्या जुन्या सुती साडीची छोटी गोधडी खुर्चीच्या पाठीवर टाकायला करून मागा. मालिकांचा प्रश्नही इथूनच बोलता येईल. आजीने नातीसाठी काही केलं असलं की ‘आठ ते साडेनऊ आवाज कमी ठेवाल का’ हे विचारणं सोपं जातं. कानाला लावायचा ब्लूटूथ हेडफोन त्यांना चालत असेल तर दोघींचीही सोय होते. मात्र टीव्ही बंदच करायला लावू नका. दिवसभर घरात असलेल्या माणसाचा तो विरंगुळा आहे आणि मुलीच्या दहावीसाठी आजीचा विरंगुळा गेला, हे ओझं मुलीच्याच मनावर बसतं.

आणि स्वयंपाकघर? तेही राहू द्या. १९७८ मध्ये स्मिथ, ग्लेनबर्ग आणि ब्योर्क या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला होता. विद्यार्थ्यांनी शब्दांची तीच यादी काहींनी एकाच खोलीत दोनदा, तर काहींनी दोन वेगळ्या खोल्यांत एकेकदा पाठ केली. नंतर नव्या जागी विचारल्यावर दोन खोल्यांत शिकलेल्यांना जास्त शब्द आठवले. परीक्षेचं केंद्र तरी कुठे ओळखीचं असतं? तेव्हा इतिहास-भूगोलाचं वाचन, कविता, व्याख्या हे ती तुमच्या पायाशी बसून खुशाल करू दे. टेबलाचं काम वेगळं ठेवा : लिहिण्याचं. आठवड्यातून एकदा सकाळी ११ ला बसून १ पर्यंत गणित भाग १ किंवा भाग २ चा ४० गुणांचा सराव पेपर तिथे सोडवायचा. बोर्डाच्या पेपरची वेळ तीच असते. त्या दोन तासांत बेडरूमचं दार लोटलेलं, आणि कपाटातून काही हवं असेल तर आधीच काढून घेतलेलं.

त्या टेबलाशी उभं राहून ‘किती झालं?’ असं विचारू नका. हा प्रश्न जेवताना विचारा, गॅलरीत विचारा. पाणी ठेवा आणि निघून या. दार उघडं असलं तरी आत जाताना टकटक करा, धाकट्यालाही तशी सवय लावा.

पहाटे पाचला उठवून बसवायचा विचार असेल तर एवढं लक्षात घ्या. किशोरवयात झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा पाझरायला लागतं, त्यामुळे या मुलांना लवकर झोप येत नाही. झोप मात्र त्यांना आठ ते दहा तास लागते. रात्री साडेअकराला झोपलेल्या मुलीला पाचला उठवलं तर ती टेबलाशी बसेल, पण डोकं जागं झालेलं नसेल.

प्रश्न : ताई, मी नागपूरला अकरावी सायन्सला आहे. गच्चीवर एक खोली आहे, ती बाबांनी मला अभ्यासाला दिली. पश्चिमेला खिडकी आहे. पेंटिंग करायचं आहे, पुस्तकांचे शेल्फ बनवायचे आहेत, डोक्यात सगळं ठरलं आहे. पण मार्चपासून तिथे बसणं होत नाही, भट्टी होते. कूलर लावूनही फरक पडत नाही. आधी काय करू? — एक विद्यार्थी, नागपूर

उत्तर : आधी स्लॅब, मग रंग आणि शेल्फ. खोली गच्चीवर असली की दिवसभराचं ऊन स्लॅब पिऊन घेतो आणि संध्याकाळपासून ती उष्णता खाली सोडत राहतो. म्हणून सूर्य मावळल्यावरही तुझी खोली तापलेलीच असते. तुझ्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तिथे आतून काहीही सजवलंस तरी शरीर बसू देणार नाही.

फेब्रुवारीतच खोलीच्या छतावर बाहेरून पांढरा थर दे. चुना भिजवून, गाळून, त्यात थोडा फेविकॉल मिसळून दोन हात मारायचे. हे काम तू आणि एखादा मित्र एका सकाळी करू शकता. पांढरा पृष्ठभाग ऊन परतवतो. पावसात तो थर बराच धुऊन जातो, म्हणून दरवर्षी करायचं. तयार कूल रूफ पेंट महाग पडतो, पण काही वर्षं टिकतो. चुना भिजवताना हातात मोजे आणि डोळ्यांवर चष्मा घाल, कळीचा चुना पाण्यात उकळतो. त्यापेक्षा भिजवलेला तयार चुना मिळाला तर तोच घे. छताला कठडा नसेल तर बाबांना बरोबर घेतल्याशिवाय वर चढू नकोस.

पश्चिमेच्या खिडकीला बांबूचा पडदा खिडकीच्या बाहेरून लाव. आतून लावलास तर ऊन काचेतून आधीच खोलीत आलेलं असतं, पडदा तापतो आणि तीच उष्णता खोलीत राहते. बाहेरून लावला की ऊन काचेपर्यंत पोचतच नाही. संध्याकाळी गुंडाळून ठेवायचा.

कूलरचं कारण बहुधा वेगळं आहे. तू खोली बंद करून कूलर लावत असशील. कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांतून आत ओढतो, आणि ती हवा बाहेर पडायला वाट नसेल तर खोलीत नुसता दमटपणा साचतो. कूलर खिडकीत, खोलीबाहेर बसव आणि समोरचं दार किंवा झरोका वीतभर उघडा ठेव. वाळ्याच्या ताट्या मिळाल्या तर बघ, त्यांच्या वासाने बसावंसं वाटतं. जुलैत हवाच दमट झाली की कूलरचा उपयोग संपतो, तेव्हा साधा पंखा पुरतो.

एवढं करूनही एप्रिल-मेमध्ये दुपारी बारा ते सहा वर बसू नकोस. खाली घरात कुठे तरी, नाहीतर गावातल्या अभ्यासिकेत बस. सकाळी दहापर्यंतचा आणि रात्रीचा वेळ वरच्या खोलीचा. टेबल पश्चिमेच्या भिंतीपासून दूर ठेव, ती भिंत रात्री नऊपर्यंत गरम लागते. आणि पुस्तकांचं शेल्फ मात्र त्याच भिंतीला, पण दोन इंच अंतर सोडून उभं कर. भरलेलं शेल्फ भिंतीची धग अडवतं.

रंग तुझ्या आवडीचा दे. फक्त छत आतून पांढरंच राहू दे, दिव्याचा उजेड परतून खाली येतो.

प्रश्न : नवीन घरात मुलीची अभ्यासाची खोली करतो आहे. आमचे वडील म्हणतात, वास्तुशास्त्राप्रमाणे तोंड पूर्वेलाच हवं. खोलीला उत्तरेकडे मोठी खिडकी आहे. मुलगी डावरी आहे. काय करावं? — एक वाचक, सांगली

उत्तर : खिडकी उत्तरेला आहे हे तुमचं भाग्य. आपल्याकडे उत्तरेकडून येणारा उजेड दिवसभर जवळजवळ एकसारखा आणि मऊ असतो. मे ते जुलैच्या मधले काही आठवडे सोडले तर महाराष्ट्रात सूर्य दुपारी दक्षिणेकडूनच जातो. पूर्वेला तोंड करून बसलं की उत्तर डाव्या हाताला येते. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला त्यासारखी जागा नाही, त्या बाबतीत वडिलांचं म्हणणं आणि उजेडाचं गणित अगदी जुळतं.

पण तुमची मुलगी डावरी आहे. तिला तिथे बसवलंत तर तिच्या लिहित्या हाताची सावली अक्षरांवर पडेल. तिला उजेड उजव्या हाताने हवा, म्हणजे तोंड पश्चिमेला. वडिलांना शब्दांनी पटवत बसू नका. दिवसा खिडकीजवळ दोन खुर्च्या मांडा, एक पूर्वेकडे तोंड करून, एक पश्चिमेकडे. नातीला दोन्हीकडे बसवून चार-चार ओळी लिहायला सांगा, आणि आजोबांना शेजारी उभं राहून वही बघू द्या.